हुकूम घेणारा मीटर

महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवर सर्वांत जास्त वेळा झालेला आरोप एका वाक्यात मावतो: हा मीटर जोरात पळतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वीज वितरण सुधारण्याची जी योजना आणली, तिच्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य होते. त्या ओघात महावितरणने २०२३ मध्ये दोन कोटींहून अधिक मीटरची कंत्राटे दिली, ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर करावे लागले. पुढे 'टीओडी मीटर' या नावाने पोस्टपेड पद्धतीचे स्मार्ट मीटर बसू लागले आणि वाद पुन्हा पेटला. या गदारोळात लोकांचा संशय निराधार आहे, असे म्हणता येत नाही. पण त्याचा रोख चुकला आहे. मोजणी हा या यंत्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत पारखलेला भाग. नवे आहे ते एवढेच, की मीटर आता लांबून आलेला हुकूम पाळतो. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' किंवा आयओटी या नावाखाली आज जे काही घरात, शेतात आणि कारखान्यात शिरते आहे, त्याचे मर्म याच ठिकाणी सापडते.

हे नाव केव्हिन अ‍ॅश्टन यांचे. १९९९ मध्ये ते प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत होते. दुकानाच्या फळीवरचा माल संपला की नाही, हे कंपनीला वेळेवर कळत नसे. प्रत्येक वस्तूला रेडिओने ओळख सांगणारी छोटी चकती लावली तर हा प्रश्न सुटेल, हे वरिष्ठांना पटवताना त्यांनी हा शब्दप्रयोग केला. त्यामागचा विचार साधा होता. संगणकाला जगाबद्दल जे काही ठाऊक असते ते कुणीतरी माणसाने बोटांनी टाइप केलेले असते, आणि माणसाला वेळ, लक्ष आणि अचूकपणा तिन्ही कमी. मग वस्तूंनाच आपली खबर देऊ द्यावी. कल्पना त्याआधीही अमलात आली होती. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनी शीतपेयाचे यंत्र संगणकाच्या जाळ्याला जोडले होते, जिना उतरण्याआधी बाटल्या आहेत का आणि त्या गार झाल्यात का, हे कळावे म्हणून. आळस हीही शोधाची जननी असते! मात्र ते यंत्र फक्त खबर देत होते. दूरवरून कुणी त्याला काही करायला लावू शकत नव्हते. आजच्या आयओटी व्यवस्थेत दोन वाटा असतात. वस्तूपासून निघालेली खबर एका वाटेने मध्यवर्ती संगणकापर्यंत जाते आणि तिथे ठरलेला आदेश दुसऱ्या वाटेने वस्तूपर्यंत परत येतो. जाण्याच्या वाटेवर संवेदक, छोटा संगणक, रेडिओ आणि सर्व्हर असे टप्पे लागतात. परतीच्या वाटेच्या शेवटी काहीतरी हलवणारा, उघडणारा किंवा बंद करणारा भाग असतो. या दोन वाटा एकाच डबीत, एकाच तारेवर किंवा एकाच लहरीवर असल्या तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत आणि त्यांच्यातले धोकेही वेगळे.

आधी जाण्याची वाट पाहू. मीटरच्या पोटात विजेचा प्रवाह एका अगदी कमी रोधाच्या धातुपट्टीतून किंवा छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेलेला असतो. प्रवाह वाढला की पट्टीच्या दोन टोकांमधला दाब त्या प्रमाणात वाढतो. तो मोजला की प्रवाह कळतो. घरात येणारा दाब वेगळ्या रोधकांनी कमी करून मोजतात. मीटरमधली चिप हे दोन्ही आकडे सेकंदाला हजारो वेळा टिपते, त्यांचा गुणाकार करते आणि बेरीज करत राहते. त्या बेरजेतून युनिट तयार होते. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुका, हा आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातले बाकी सगळे बंद करून पाणी तापवायचा एक हजार वॅटचा रॉड लावला, तर तासाला ३२०० म्हणजे मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. दाब कमी-जास्त असेल तर थोडा फरक पडेल, पण दुप्पट पळणारा मीटर या साध्या मोजणीत लपून राहू शकत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की यातले काहीही इंटरनेटमुळे आलेले नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आधी बसलेला इलेक्ट्रॉनिक मीटरही अशीच मोजणी करत होता. मीटर जाळ्याला जोडला म्हणून त्याच्या गुणाकारात फरक पडत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यावे लागतात. पहिला असा, की मीटर बदलल्यावर बिल वाढल्याचा अनुभव इतक्या लोकांना यावा, हा निव्वळ योगायोग कसा? त्याची काही कारणे मोजणीच्या बाहेरची आहेत. जुना चकतीचा मीटर अनेक वर्षांनी घर्षणामुळे मंदावतो, अगदी थोडा वापर असताना त्याची चकती हलतही नाही. तो बदलला की खरा वापर पहिल्यांदाच दिसतो. 'घर बंद' म्हणून महिनोन्‌महिने सरासरी बिल येत राहिले असेल, तर नवा मीटर लावताना साचलेला फरक एकदम अंगावर येतो. मीटर मार्चमध्ये बदलला आणि पुढचे बिल मेमधल्या पंख्या-कूलरचे आले, तरी दोष मीटरलाच मिळतो. अर्थात प्रत्येक तक्रार अशी निकालात काढणे हा उर्मटपणा होईल, कारण दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून आलेला आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. दिवे मंद करणारे डिमर आणि वीज वाचवणारे दिवे एकत्र लावून प्रवाहाचा आकार मुद्दाम बिघडवला, तेव्हा पाच मीटरनी खऱ्यापेक्षा बरेच जास्त आकडे दाखवले. त्यातली सर्वांत मोठी चूक ५८२ टक्क्यांची होती. दोन मीटरनी मात्र सुमारे ३० टक्के कमी दाखवले. ही परिस्थिती टोकाची होती आणि दोष ठरावीक प्रकारच्या संवेदकांचा होता, तरी इलेक्ट्रॉनिक मीटर चुकूच शकत नाही हा दावा त्या प्रयोगाने मोडीत काढला. मग मोजणीवर भरवसा का ठेवायचा? कारण ती चूक बाहेरून पकडता आली. शेजारी दुसरा मीटर लावला, दोन आकडे ताडून पाहिले आणि खोट उघडी पडली. ज्या कडीची खोट अशी पकडता येते ती कडी कमकुवत असली तरी तिच्याशी लढता येते. पुढच्या कड्यांना हे लागू नाही.

मोजलेले युनिट मीटरमध्येच राहिले असते तर प्रश्नच नव्हता. पण स्मार्ट मीटरला घड्याळ असते. दर १५ किंवा ३० मिनिटांनी, त्या अवधीत किती वीज वापरली गेली याची नोंद तो स्मृतीत करतो. दाब किती होता, झाकण उघडले का, जवळ चुंबक आणला का, याच्याही नोंदी होतात. जगभरच्या मीटर उत्पादकांनी या नोंदींसाठी एक समान भाषा ठरवली आहे, तिचे नाव डीएलएमएस. भारतीय मानक ब्यूरोने आपल्या मीटरसाठी तिचाच आधार घेतला. या भाषेत प्रत्येक राशीला ठरलेला क्रमांक असतो, म्हणजे कुठल्याही कंपनीचा मीटर 'घेतलेली एकूण वीज' एकाच क्रमांकाखाली सांगतो. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण अशी सामाईक भाषा नसेल तर ग्राहक एका कंपनीचा कायमचा बांधील होतो. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर बसवले, तेव्हा ग्राहकाने वीज कंपनी बदलली की त्यातले कित्येक मीटर मुके होत आणि माणसाला पुन्हा आकडे वाचावे लागत. यंत्र शाबूत होते, नव्या कंपनीशी त्याचे बोलणे जमत नव्हते.

नोंद पुढे पाठवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. एकात मीटरमध्ये सिमकार्ड असते आणि तो मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलतो. अशा यंत्रांसाठी आपल्याकडे २०१८ पासून तेरा आकडी क्रमांक दिले जातात, माणसांचे दहा आकडी क्रमांक पुरावेत म्हणून. दुसऱ्या मार्गात मीटर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, परवाना न लागणाऱ्या लहरींवर शेजारच्या मीटरशी बोलतो. स्लॅब पडताना मजुरांच्या रांगेतून घमेली हातोहात पुढे जातात, तशी एका मीटरची नोंद दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जात खांबावरच्या गेटवेपर्यंत पोचते. एखादा मीटर बंद पडला तर नोंद दुसऱ्या वाटेने वळते. दाट वस्तीत हे उत्तम चालते. शेतातल्या एकट्या घराला शेजारीच नसतो, तिथे सिमकार्ड बरे. दोन्ही मार्गांत संदेश अगदी छोटे ठेवावे लागतात, कारण लाखो यंत्रे एकाच हवेत बोलत असतात. आयओटीच्या जगात ही काटकसर सगळीकडे दिसते. एमक्यूटीटी नावाची या क्षेत्रातली सर्वांत लोकप्रिय संदेशपद्धती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी तयार झाली, महागड्या उपग्रह-दुव्यावरून कमीत कमी अक्षरे जावीत म्हणून. जाता जाता एक छान सोय सांगायला हवी. वीज गेली की मीटर आतल्या साठ्यावर काही क्षण जिवंत राहतो आणि 'माझी वीज गेली' एवढा एक शेवटचा संदेश सोडतो. ग्राहकाने फोन लावण्याआधी कुठल्या रोहित्राखालची घरे अंधारात आहेत, हे त्यामुळे कार्यालयात कळू शकते. हा फायदा खरा आहे आणि त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही.

नेटवर्क नसेल तर रीडिंग बुडते का? नाही. नोंद मीटरच्या स्मृतीत असते, दुवा जुळला की पुढे जाते. पण बिल काढायची तारीख दुव्यासाठी थांबत नाही. मधल्या काळात मध्यवर्ती संगणक गाळलेल्या जागी अंदाजाचा आकडा भरतो. ही व्यवस्था लबाडीची नाही, नियमांनी बांधलेली आहे, आणि तिच्याशिवाय लाखो नोंदींचा हिशेब लागणारही नाही. तरीही ग्राहकाला मिळालेला आकडा मोजलेला आहे की अनुमानाचा, हे बिलावर स्पष्ट दिसत नसेल तर भांडणाची सुरुवात तिथेच होते. मीटरच्या पडद्यावरचा आकडा आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवरचा आकडा जुळत नाही, म्हणून लोक मीटरवर संशय घेतात. गोंधळ बहुधा दोघांच्या मधल्या वाटेवर झालेला असतो.

या वाटेच्या शेवटी दोन मोठ्या प्रणाली बसलेल्या असतात. एक मीटरशी बोलते, दुसरी आलेले आकडे साठवते, तपासते आणि बिलाच्या हिशेबाला देते. खरी हुशारी इथे आहे, भिंतीवरच्या डबीत नाही. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर. राज्यात २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली, कारण त्या वेळी सौर वीज मुबलक असते. ती सवलत तासातासाच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय देताच आली नसती. प्रीपेडचेही असेच आहे. आपल्याकडे प्रीपेडची शिल्लक सहसा मीटरमध्ये नसते. ती सर्व्हरवर मोजली जाते आणि संपली की तिथून वीज तोडायचा आदेश निघतो. याचा अर्थ असा, की पोस्टपेड म्हणून बसवलेला मीटर प्रीपेड करण्यासाठी वायरमनला घरी यायची गरज नाही. दूरच्या संगणकातली एक नोंद बदलली की पुरते. 'आमच्याकडे प्रीपेड नको' असे म्हणणाऱ्या ग्राहकाला पोस्टपेड मीटर दाखवून निश्चिंत करणारे अधिकारी खोटे बोलत नसतील, पण ते ज्या गोष्टीची हमी देत आहेत ती त्या डबीत नसून धोरणात आहे.

आता परतीची वाट. मीटरमध्ये एक रिले असते. आदेश आला की ती खटकन उघडते आणि घराची वीज बंद होते. दुसऱ्या आदेशाने पुन्हा मिटते. या छोट्या भागाची ताकद १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशाने पाहिली. लखनौसह अनेक शहरांत लाखाहून अधिक घरांची वीज एकाएकी गेली. ना वादळ, ना जनित्र बंद, ना तारा तुटलेल्या. स्मार्ट मीटरना वीज तोडण्याचा चुकीचा आदेश गेला होता आणि मीटरनी तो निमूटपणे पाळला. सणाच्या संध्याकाळी झालेल्या या प्रकारानंतर तिथले मीटर बसवण्याचे काम थांबवावे लागले आणि विशेष पोलीस पथकाकडे चौकशी गेली. त्या दिवशी त्यातला एकही मीटर जोरात पळत नव्हता. सगळ्यांची मोजणी बरोबर होती, सगळ्यांनी भाषा नीट समजून घेतली होती, सगळ्यांनी आज्ञा तंतोतंत पाळली होती. म्हणूनच ही घटना आयओटीविषयी इतके काही शिकवते. जुन्या यंत्रांत बिघाड एकेकट्याने येत असे. एका घराचा फ्यूज उडाला म्हणून शेजारच्याचा उडत नव्हता. जोडलेल्या यंत्रांत यंत्रे धडधाकट असतानाही सगळी एकदम चुकू शकतात, कारण चूक करणारी जागा एकच असते.

वीज कंपन्यांच्या बाहेरही याचे पुरावे आहेत. रेव्हॉल्व्ह नावाचे, घरातले दिवे आणि कुलुपे सांभाळणारे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र अमेरिकेत विकले जात होते. ते बनवणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातली चालती यंत्रे त्या दिवशी निकामी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला, तेव्हा अमेरिकेत दाराच्या घंटा आणि झाडू मारणारी यंत्रे अडकून पडली. हे ऐकून आपल्याला हसू येते, पण त्या घंटेच्या जागी घराची वीज ठेवून पाहिली की हसू मावळते. त्याहून वाईट म्हणजे वस्तू परक्याचे ऐकू लागली तर. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर काबीज केले. त्यासाठी फार मोठी विद्या लागली नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, आणि अशा साठेक ठरावीक जोड्या वापरून पाहिल्या की दार उघडत होते. त्या फौजेने ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका इंटरनेट कंपनीवर एवढा मारा केला, की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे याची कल्पनाही नव्हती. स्मार्ट मीटर त्या कॅमेऱ्यांइतका उघडा नसतो, हे सांगायला हवे. तो सहसा खासगी जाळ्यावर असतो, त्याचे संदेश कूटबद्ध असतात, नुसते वाचण्याचा आणि आदेश देण्याचा अधिकार वेगवेगळ्या किल्ल्यांवर असतो. चोर प्रत्येक दार फोडत बसणार नाही. पण उत्तर प्रदेशात आदेश ज्या जागेवरून गेला ती जागा किल्ल्यांच्या आतलीच होती, आणि आतून झालेल्या चुकीला कुलूप अडवत नाही.

मग परतीची वाटच काढून टाकावी का? मीटरने फक्त आकडे पाठवावेत, रिले बसवूच नये, असा युक्तिवाद होऊ शकतो आणि तो बाळबोध नाही. आयओटीची कितीतरी चांगली कामे एकाच वाटेवर चालतात. नाशिकच्या द्राक्षबागांत हवामान केंद्रे बसवलेली असतात. पाने किती तास ओली राहिली, हवेत दमटपणा किती, यावरून डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा धोका वर्तवला जातो. सल्ला फोनवर येतो, फवारणी मात्र बागायतदार ठरवतो. संवेदकाने चुकीचा आकडा दिला तरी तो आधी बागेत जाऊन पान उलटून पाहतो. व्यवस्थेच्या वर्तुळात माणूस आहे आणि त्याच्या शहाणपणाचा एक टप्पा आहे. मीटरच्या बाबतीत हा टप्पा काढून टाकला गेला आहे आणि पैसे वाचतात ते त्यातूनच. तरीही रिले सरसकट नाकारावी, असे मला वाटत नाही. थकबाकी भरल्यावर वायरमनची वाट न पाहता काही मिनिटांत वीज परत येणे ही ग्राहकाचीच सोय आहे. तुटवडा असताना अख्खा फीडर बंद करण्याऐवजी प्रत्येक घराला थोडी वीज देत राहणे याच भागामुळे शक्य होते. घरच्यांनी एसी बंद ठेवून वापर त्या मर्यादेत ठेवला, तर रुग्णाच्या उशाचे ऑक्सिजन यंत्र आणि एक पंखा चालू राहू शकतो. प्रश्न रिले असण्याचा नाही, तिला कोण, केव्हा आणि किती वेगाने हुकूम देऊ शकतो याचा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तो नियम लिहिला गेला तेव्हा वीज तोडणे म्हणजे पक्कड घेऊन खांबावर चढणे होते. एक माणूस दिवसाला काही घरे तोडू शकत असे, त्याला दारात कुणी भेटे, कुणी पावती दाखवे, कधी तो स्वतःच माघारी फिरे. ही दिरंगाई कुणी मुद्दाम आखलेली नव्हती, पण ती संरक्षणाचे काम करत होती. मीटरमधल्या रिलेने ती संपवली आहे, तर तिच्या जागी काहीतरी आखून बसवायला हवे: एका तासात ठरावीक संख्येपलीकडे तोडणीचे आदेश प्रणालीनेच रोखावेत, मोठ्या संख्येच्या आदेशाला दोन वेगळ्या अधिकाऱ्यांची संमती लागावी, रात्री आणि सणासुदीला तोडणी बंद असावी. काही राज्यांच्या प्रीपेड योजनांत रात्री आणि सुट्टीच्या दिवशी वीज न तोडण्याची तरतूद आहेच, म्हणजे हे अशक्य कोटीतले नाही.

खबर जाण्याच्या वाटेवरही एक प्रश्न उरतो, तो म्हणजे खासगीपणाचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले, की घराच्या एकूण वीजवापराचा आलेख बारकाईने पाहिला तर आत कुठले उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखता येते. आणि १९८९ मध्ये त्यांनीच, या तंत्राने पाळत ठेवता येईल, असा इशाराही दिला. शास्त्रज्ञाने आपल्याच शोधाविरुद्ध वेळेवर बोलण्याची अशी उदाहरणे विरळा. त्यांना लागणारे आकडे फार बारीक होते. अर्ध्या तासाच्या नोंदीतून मिक्सर की इस्त्री हे कळणार नाही. पण घरचे केव्हा झोपतात, दिवसा घरी कोण असते, कुटुंब कधी गावाला गेले, एवढे नक्की कळते. लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला, हे नेहमीचे उत्तर इथे लागू पडत नाही. घर रिकामे असल्याची बातमी चोराला उपयोगी असते आणि ती लपवणे हा गुन्हा नाही. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच कारणासाठी स्मार्ट मीटरची सक्ती फेटाळली आणि पुढे तिथल्या ग्राहकाला नकाराचा हक्क मिळाला. अमेरिकेत इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ मध्ये न्यायालयाने मधला मार्ग काढला: दर पंधरा मिनिटांची नोंद घेणे ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे, मात्र वीजपुरवठ्याच्या कामापुरती ती वाजवी आहे. तीच नोंद पोलिसांच्या हाती गेली तर निकाल वेगळा लागू शकेल, हेही त्यात सूचित होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. मीटरच्या नोंदी किती महिने ठेवायच्या आणि बिलाखेरीज कशाला वापरायच्या, याचे उत्तर या कायद्याच्या चौकटीत मागता येईल, आणि मागितले पाहिजे.

मोजणीविरुद्ध दाद मागायची सोय मात्र आज हातात आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. मीटरचा आकडा वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केली, तर कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे. ज्यांना मीटर पळतो असे वाटते त्यांनी मोर्चाला जाण्याआधी हा अर्ज जरूर करावा. हुकमांच्या बाबतीत असे काही नाही. वीज तोडल्याची आणि जोडल्याची प्रत्येक घटना मीटर आपल्या स्मृतीत वेळेसकट लिहून ठेवतो. ती नोंद आजही मीटरच्या पोटात असते आणि कंपनीला दिसते. तीच नोंद ग्राहकाला बिलावर आणि अ‍ॅपमध्ये दिसावी, आदेश कुणाच्या अधिकारात आणि कुठल्या कारणाने गेला हे तिच्याबरोबर असावे, ही मागणी ग्राहक संघटनांनी राज्य वीज नियामक आयोगाच्या पुढच्या जाहीर सुनावणीत लावून धरावी.